मयेच्या तळ्यातले बासन

मी, कमलाक्षी भिकाजी परब, वय बासष्ट, अविवाहित, धंदा सध्या काही नाही (पूर्वी महाविद्यालयात मराठी शिकवणे), राहणार मये, तालुका डिचोली, गोवा, हे मृत्युपत्र माझ्या खोलीतल्या मेजावर, दिवसाउजेडी, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. शरीराचे तसे म्हणवत नाही. पोटातल्या गाठीबद्दल डॉक्टर इतक्या हळू आवाजात बोलले की अर्थ विचारावा लागला नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही, मला कोणाची फूस नाही. उलट घरच्यांचा आग्रह असा की असले काही लिहूच नये, लिहिले की लवकर होते.

वकील प्रिया मांद्रेकर माझी जुनी विद्यार्थिनी. ती म्हणाली, "मॅडम, इंग्लिशींत केल्यार बेगीन जातलें. तयार नमुनो आसा." लवकर होईल खरे, पण मी नको म्हटले. आम्ही घरात बोलतो ती भाषा एक, लिहितो ती दुसरी. आता मरताना तिसरीत सही करायची मला हौस नाही. नोटरीसमोर हा मजकूर मोठ्याने वाचून दाखवतात असे ती सांगते. तर तो मला कळेल असा असावा.

कलम १. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही. आमच्याकडचा कायदा मुलेबाळे असलेल्यांना मालमत्तेचा अर्धाच हिस्सा मनासारखा देऊ देतो. मला मुले नाहीत, आईवडील गेले, तेव्हा माझे मी सगळेच कोणालाही देऊ शकते. आयुष्यात पुरती मोकळीक मिळाली ती या एका बाबतीत, आणि तीही आता.

कलम २. जंगम मालमत्ता. शाईचे पेन माझी सहकारी अंकिता नाईक हिला द्यावे. आम्ही दोघी वर्षानुवर्षे 'लेक्चर बेसिस'वर होतो, म्हणजे दर जूनमध्ये कामावर घेत आणि दर एप्रिलमध्ये विसरून जात. मला कायम करता येत नव्हते, कारण माझी पीएच.डी. पुरी नव्हती. ती का पुरी नव्हती हे कलम ५ मध्ये येईल. यंदा एप्रिलमध्ये मराठीचा विभागच बंद झाला. शेवटच्या वर्गाला तीन मुली होत्या आणि आम्ही स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसत होतो, कारण आमची खोली पर्यटनाच्या नव्या अभ्यासक्रमाला गेली होती. मुली गुणी होत्या. एक आता हॉटेलात आहे, दुसरीचे लग्न झाले, तिसरी माझी भाची गौरवी. तिच्याबद्दल पुढे लिहिते.

तांब्याची कळशी आणि आईची नथ वहिनी रुक्मिणी हिला. ती नथ घालणार नाही, पेटीत ठेवील, तरी तिलाच.

कलम ३. पुस्तके. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला विचारले होते. मी एम.ए. केले तेव्हा ते विद्यापीठ नवे होते, पठारावर वारा असा की वही धरून बसावे लागे. पहिल्या आठवड्यात मी वर्गात उठून विचारले, "सर, जनेल लावू?" सगळे हसले. सर म्हणाले, "खिडकी म्हणा." तेव्हापासून मी वर्गात खिडकी लावते आणि घरी जनेल. पण तिथे मी सुखात होते हेही लिहून ठेवायला हवे. मयेच्या शेतकऱ्याची मुलगी दिवसभर फक्त वाचते आणि त्याला अभ्यास म्हणतात, हे मला कितीतरी महिने खरे वाटत नव्हते.

तर, ग्रंथालय म्हणाले जागा नाही. गावचे वाचनालय म्हणाले कथा-कादंबऱ्या द्या, समीक्षा नको. मग कथा-कादंबऱ्या वाचनालयाला द्याव्यात. समीक्षेची पुस्तके जत्रेत खाजे-चणे विकणाऱ्या कोणालाही फुकट द्यावीत. पुडीचा कागद उलगडून एखादी ओळ वाचणारा निघाला तर तेवढा वाचक या पुस्तकांना माझ्या घरात कधीच मिळाला नाही.

कलम ४. निधनवार्ता. ती मी लिहून ठेवलेली नाही. या वाड्यावरच्या, म्हणजे आमच्या वाडीतल्या, लग्नपत्रिका, जत्रेतल्या नाटकाच्या जाहिराती आणि मेलेल्या माणसांच्या बातम्या आजवर मीच लिहिल्या. मराठी शिकल्याचा गावाला झालेला उपयोग एवढाच, आणि तो मी आनंदाने होऊ दिला. पण स्वतःची लिहायची नाही. कोणाला जमली तर लिहावी, नाही जमली तर राहू द्यावी. 'साहित्यसेवा' हा शब्द घालू नये.

माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक हयात आहेत. त्यांना कळवू नये. आपणहून कळले आणि ते शोकसभेत बोलायला उठलेच, तर माईक बंद करावा. त्यांना माईकशिवाय बोलता येत नाही. त्यांना न कळवण्याचे कारणही कलम ५ मध्ये.

कलम ५. आता ते बासन.

प्रियाचे म्हणणे, मृत्युपत्रात जे अस्तित्वात नाही त्याचा उल्लेख करण्याचे कारण नाही. मी म्हणते, माझ्याकडे मालमत्ता म्हणावी अशी तेवढीच एक होती.

माझा विषय पेडणे आणि डिचोलीतली धालोची गीते हा होता. पौषात बायका मांडावर जमतात, दोन रांगा करून समोरासमोर गातात. मांड म्हणजे देवीची जागा. तिथे पुरुषाने यायचे नाही, आणि टेप लावायचा नाही, कागद-पेनही काढायचे नाही. मी या गोष्टी पाळल्या. बायकांच्या रांगेत उभी राहून गायले, ऐकलेले डोक्यात धरून ठेवले आणि सकाळी घरी येऊन उतरवले. विसरले तर पुढच्या वर्षी पुन्हा गेले. त्यात माझी सहा-सात वर्षे गेली आणि त्यांतला एकही दिवस मला फुकट वाटला नाही.

सगळ्यांत जास्त गीते दिली इब्रामपूरच्या चंद्रावती गवस यांनी. त्यांच्याकडे होती ती इतर कोणाकडे नव्हती. देताना त्यांनी एकच अट घातली. म्हणाल्या, "बाय, हीं देवीचीं पदां. उक्तीं दवरू नको. तांबड्या कपड्यान बांद आनी दिव्याकडे दवर." उघडी ठेवणार नाही, असा मी शब्द दिला. लिहिलेले सगळे कागद, त्यांवरच्या माझ्या टिपा, प्रकरणांचे कच्चे खर्डे, सगळे लाल कापडात बांधून देवघराच्या फळीवर ठेवू लागले. शेजारीच बाबांच्या पोथ्या होत्या, त्याही लाल कापडातच.

बाबा गेले त्याच्या पुढल्या चतुर्थीला माझा धाकटा भाऊ शिवदास याने देवघर साफ केले. भटजींनी त्याला सांगितले होते की वाचणारा गेला, आता जुन्या पोथ्या घरात पडू देऊ नयेत, गणपतीबरोबर पाण्यात सोडाव्यात. आमच्या वाड्याचे गणपती मयेच्या तळ्यात, मागच्या अंगाला पोचवतात. पाचव्या दिवशी शिवदासाने फळीवरची लाल बासने सगळी उतरवली. त्यांना हळद-कुंकू लावले, फूल वाहिले, डोक्यावर घेऊन अनवाणी गेला, आरती म्हटली आणि कमरेभर पाण्यात उतरून एकेक हळूच सोडले. माझे बासन जड होते म्हणून ते दोन्ही हातांनी सोडले, असे त्यानेच मला नंतर सांगितले.

मी त्या दिवशी पणजीला होते. प्रबंध टाइप करायला कधी द्यायचा हे मार्गदर्शकांना विचारायला गेले होते.

घरी आले, दिवा लावायला गेले, फळी रिकामी. शिवदास जेवत होता. मी विचारल्यावर त्याला आधी कळलेच नाही. मग कळले. तो उष्ट्या हाताने उठला आणि तळ्याकडे धावला. मी मागून गेले. तो पुन्हापुन्हा बुडी मारत होता. एकदा कापड घेऊन वर आला. गाठ तशीच होती. सोडली तर आत लगदा. शाई सगळी उतरली होती, त्याचे हात निळे झाले होते. तो काठावर बसून लहान मुलासारखा रडला आणि मीच त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मला त्या वेळी रडू आले नाही, ते पुढे कधीही, कशावरूनही येत राहिले.

मार्गदर्शकांकडे गेले. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "पुन्हा गोळा करा. लोकगीते आहेत, लोक कुठे जातात?"

लोक गेले. डिचोलीतल्या गाणाऱ्या दोघी पुढच्या दोन वर्षांतच वारल्या. एकीला पक्षाघात झाला. चंद्रावतीबाई धडधाकट होत्या. अंगणात सुपाऱ्या वाळत घालत होत्या. मी सगळे सांगितले. त्यांनी हातातल्या सुपाऱ्या पसरून संपवल्या. मग म्हणाल्या, "देवीन दिल्लां, देवीन व्हेलां. आतां माका इचारू नको." मी पाया पडले, हात जोडले, दर पौषाला जात राहिले. त्यांनी मला पेज वाढली, पण पुन्हा एक पद दिले नाही. त्यांच्या मते देवीचे देवीकडे गेले होते आणि त्यात दुःखाचे काही नव्हते. आता त्याही नाहीत.

शिवदासाला माफ करण्याबद्दल लोक मला आडून विचारतात. माफ करायला गुन्हा लागतो. त्याने अनवाणी जाऊन, फूल वाहून, आरती म्हणून माझे आयुष्य पाण्यात सोडले. कोणी जाळले असते, चोरले असते, तर भांडायला माणूस तरी मिळाला असता. मला तेवढेही मिळाले नाही.

कलम ६. स्थावर. मी राहते ती दोन खोल्यांची जागा शिवदासाने बांधली. तेव्हा खाणी जोरात होत्या, त्याचे ट्रक दिवसरात्र धावत होते. मला न विचारता त्याने माझ्या नावावरच्या जमिनीत पाया काढला. भिंतीत काचेचे कपाट केले, त्याला कुलूप केले आणि किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाला, "ताय, हांगा दवर तुजें सगळें. कोण हात लावचो ना." तेवढेच बोलला. कपाटात ठेवायला माझ्याकडे काय होते? तरी मी किल्ली घेतली. नंतर खाणी बंद पडल्या, ट्रक परड्यात गंजले, आणि आम्ही दोघे भाऊबहीण दुपारचे चहा पीत त्या ट्रकांकडे आणि त्या कपाटाकडे बघत बसायला शिकलो.

ते कपाट शिवदासाला. भिंतीत आहे, काढता येणार नाही. त्याचे आहे एवढे त्याला माहीत असावे.

कलम ७. राहिले घर. ते कोणाला, यासाठी हे सगळे लिहिणे.

शिवदासाचा मुलगा प्रज्योत मोपाच्या विमानतळावर नोकरीला आहे, त्याचे बरे चालले आहे. मुलगी गौरवी यंदा बी.ए. झाली, मराठी घेऊन, पहिल्या वर्गात. तिला एम.ए. करायचे आहे. नंतर पीएच.डी. करायची आहे. विषय तिने ठरवला आहे: धालोची गीते.

हे तिने जेवताना सांगितले तेव्हा रुक्मिणीच्या हातातला वाढायचा कुलेर, म्हणजे चमचा, ताटात पडला. दुसऱ्या दिवशी शिवदास माझ्याकडे आला. प्रज्योतने बहिणीसाठी विमानतळावर शब्द टाकला होता, जागा मिळण्यासारखी होती. शिवदास दारातच उभा राहिला. म्हणाला, "ताय, तूं सांग तिका नाका म्हूण. तुजें तें आयकतलें." मी म्हटले, तू बाप आहेस, तू सांग. तो खाली बघत म्हणाला, "तुजें कितें जालें तें आमी पळयलां मगे."

माझे काय झाले ते त्यांनी पाहिले होते, आणि त्याने हे प्रेमाने म्हटले. माझ्या आयुष्याबद्दल इतके खरे कोणी बोलले नव्हते.

मी गौरवीला बोलावले आणि तिला भिववले. विभाग बंद झाला ते तिने पाहिले होते, तेच पुन्हा सांगितले. दर जूनची वाट, दर एप्रिलचा निरोप सांगितला. म्हटले, वाचायला कोणी अडवत नाही, नोकरी कर आणि वाच. ती ऐकून घेत होती. मग पिशवीतून कागद काढून मेजावर ठेवले आणि म्हणाली, "आते, तुका याद आसा तें सांग. हांव बरयतां."

मी डोळे मिटले. वाटले, मनात कुठेतरी असेल. सहा वर्षे गायले आहे. चंद्रावतीबाईंचे सगळ्यांत लांब पद होते, त्यात एक सून नदीपलीकडून माहेरच्या दिव्याकडे बघत असते. ते मी म्हणायला तोंड उघडले. आणि तोंडातून आले: 'येथे दिवा हे माहेराचे प्रतीक असून पाठभेदात त्याऐवजी चूल आढळते.' पुन्हा प्रयत्न केला. 'ही रचना सहा चरणांची असून तिसऱ्या चरणात आवर्तन आहे.' पद आले नाही. एकही आले नाही. चाल नाही, शब्द नाहीत. राहिल्या आहेत त्या माझ्याच तळटिपा, पानक्रमांकासकट. जे मी कान देऊन ऐकले ते तळ्यात गेले आणि जे मी त्याच्यावर शहाणपणाने लिहिले ते माझ्या डोक्यात राहिले. विद्यापीठाने मला काय शिकवले, असे कोणी विचारले तर हे सांगावे.

गौरवी ते सगळे उतरवून घेत होती. दिवा, चूल, सहा चरण. मला तिची कीव आली. मी म्हटले, ऊठ आता, पोदेर येईल, पाव घे.

त्या संध्याकाळी मी मृत्युपत्राचा पहिला खर्डा केला. त्यात लिहिले: घर गौरवीला, मात्र तिने साहित्याचा पुढील अभ्यास करू नये या अटीवर, केल्यास घर प्रज्योतकडे जावे. प्रियाने वाचले आणि म्हणाली, "मॅडम, हें कोर्टांत उबें रावचें ना कदाचित. पूण तुमी म्हणल्यार घालतां." मी म्हटले घाल. ती लिहू लागली. अक्षर तिचे पहिल्यापासून सुरेख. मी बघत होते आणि माझ्या लक्षात आले की मी अगदी शिवदासासारखीच वागत आहे. तीच माया, तीच काळजी, तेच नीट बांधून, कुंकू लावून, दोन्ही हातांनी हळूच पाण्यात सोडणे. फरक एवढाच की त्याला आत काय आहे ते ठाऊक नव्हते. मला ठाऊक आहे.

मी प्रियाला थांबवले आणि तो कागद फाडला.

तेव्हा माझे राहते घर, दोन खोल्या, पडवी, आणि माझ्या नावावरची जमीन, मी माझी भाची गौरवी शिवदास परब हिला देते. अट काही नाही. तिने एम.ए. करावे, न करावे, विमानतळावर जावे, घर भाड्याने द्यावे.

आशीर्वाद मात्र देत नाही. माझा विश्वास उरलेला नाही आणि खोटे लिहायचे नाही हे मी वर्गात शिकवत आले. तिला गीते मिळतील असे मला वाटत नाही. मांडावर आता बायका स्पीकर लावतात आणि मोबाईलमध्ये बघून गातात. तिला नोकरी मिळेल असेही वाटत नाही. तिला वाचणारा मिळेल असेही नाही. घर देते, कारण या सगळ्यानंतर माणसाला निजायला छप्पर लागते, हे मी अनुभवाने सांगू शकते.

तिला एवढेच सांगणे की काही मिळालेच, तर उघडे ठेव. मेजावर, जनेलात, ओसरीवर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेसमोर ठेव. दहा जणांना प्रती दे. कोणी कितीही पवित्र म्हटले तरी लाल कापडात बांधू नकोस.

कलम ८. अंत्यविधी. जे काय करतात ते करावे, बाराव्याला गाव जेवू घालू नये. अस्थी हरमलच्या समुद्रात नेण्याचा शिवदासाचा बेत आहे हे मला रुक्मिणीकडून कळले. तसे करू नये. मयेच्या तळ्यात, मागच्या अंगाला सोडाव्यात. भटजी म्हणतील वाहते पाणी हवे. त्यांना सांगावे की वाहते पाणी हवे होते तर पोथ्या सोडायला सांगितल्या तेव्हाच तसे सांगायला हवे होते. निदान काही कुठेतरी काठाला लागले असते. त्या पाण्यावर आता पर्यटक पायाने चालवायच्या होड्या फिरवतात, हसतात, फोटो काढतात. त्याची मला अडचण नाही.

हे काम शिवदासानेच करावे, दुसऱ्या कोणी नाही. आरती नको, फूल नको. कमरेभर पाण्यात उतरावे आणि दोन्ही हातांनी सोडावे. जागा त्याला ठाऊक आहे.

वरील मजकूर मी लिहिला, इथे नोटरीसमोर मला वाचून दाखवण्यात आला आणि तो माझ्या मनाप्रमाणे आहे. वाचून दाखवताना कलम ५ पाशी वाचणाऱ्याने कागद माझ्याकडे सरकवला, तेवढा भाग मी स्वतः वाचला. शिवदास मला स्कूटरवरून घेऊन आला आहे. ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, म्हणून तो बाहेर बाकावर बसला आहे. दार उघडे होते. त्याने सगळे ऐकले.

(सही) कमलाक्षी भिकाजी परब

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
१. (सही) मधुकर सोनू मयेकर, शेजारी, मये
२. (सही) प्रवीण दत्ताराम गावकर, निवृत्त शिक्षक, डिचोली

स्थळ: डिचोली, गोवा
दिनांक: १६ जून २०२५